.३१५ची गोष्ट

सॉफ्टवेअरवाल्यांना 'व्हेंडर लॉक-इन' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. एकदा एखाद्या कंपनीचा डेटाबेस घेतला की पुढची सगळी वर्षं तिच्याच दारात उभं राहायचं. आज ज्या लॉक-इनबद्दल लिहितोय ते शंभराहून जास्त वर्षं जुनं आहे, लोखंडाचं आहे आणि आमच्या अंजनगाव सुर्जीच्या घरी कपाटात कुलूपबंद आहे.

.३१५ बोअरची रायफल. बनावट बंगालातल्या इशापूर कारखान्याची. आजोबांनी साठच्या दशकात घेतली. तेव्हा मेळघाटात परवाना काढून शिकार करता यायची. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३-७४ मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला आणि रायफल कपाटात गेली. आता लायसन्स काकांच्या नावावर आहे. काडतुसं उरलीत अकरा. नवीन काडतुसं शहरात कधी मिळतात, कधी नाही, आणि मिळाली तरी भाव ऐकून माणूस परत फिरतो.

तर झालं असं की दिवाळीत घरी गेलो होतो. संत्र्याच्या बागेत आणि हरभऱ्यात रानडुकरांनी धुमाकूळ घातलेला. धाकट्या चुलतभावाने मोबाईल पुढे केला. "दादा, हे पाय. अमेरिकेत लोकं गॅरेजमधी बसून काडतुसं भरतात. आपल्याले काय धाड भरली?" त्याने एका हँडप्रेसची किंमतही काढून ठेवली होती.

मी इंजिनीअर, म्हणजे घरातला गूगल. दोन वीकेंड घालवले. जे सापडलं ते इथे मांडतोय.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, बुडाची टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि पुढे गोळी. बार उडाला की तीन भाग संपतात, पुंगळी उरते, आणि काडतुसातला महागडा भाग बहुतेकदा तीच असते. म्हणून परदेशात शौकीन लोक जुनी टोपी काढतात, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापात आणतात आणि पुन्हा भरतात. ज्याचं बोअर दुर्मिळ, त्याला तर हे शिकावंच लागतं, कारण त्याची काडतुसं दुकानात नसतात.

पण दुर्मिळ बोअरची अडचणही तिथेच सुरू होते. काकांकडच्या रिकाम्या पुंगळीत टॉर्च मारून पाहिलं तर बुडाशी दोन बारीक छिद्रं. म्हणजे बर्डन पद्धतीची टोपी. घरी भरणाऱ्यांना सोयीची बॉक्सर पद्धत, तिला मधोमध एकच छिद्र असतं. सरळ पिन घालून टोपी बाहेर ढकलता येते. (गंमत बघा, बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत बॉक्सर रुजली, युरोपात बर्डन.) शिवाय दारू दिसायला सारखी असली तरी जळायचा वेग वेगवेगळा. चुकीची पडली किंवा एकाच पुंगळीत दोनदा पडली तर दाब कुठल्या कुठे जातो, आणि बोल्ट असतो आपल्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर. इथे रोलबॅक नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुळात असलं अडनिडं बोअर घेतलंच कशाला? तर ते आजोबांनी निवडलेलंच नाही. ते सरकारने निवडलं.

ब्रिटिश फौजेची रायफल .३०३ची. तीच लोकांना विकली तर फौजेची चोरीला गेलेली काडतुसं तिच्यात चालणार. १८५७ नंतर इंग्रजांना ही धास्ती कायमची. म्हणून फौजेचं बोअर जनतेला बंद. १९०७च्या सुमारास .४५०वरही बंदी आली, कारण मार्टिनी-हेन्री रायफलचं बोअर तेच. मग शिकारी रायफली बनवणाऱ्या इंग्रज कंपन्यांनी.४६५, .४७० अशी नवी मापं काढली. आणि साध्या गिऱ्हाइकासाठी आली .३१५. रायफलचा सांगाडा ली-एन्फिल्डचाच, पण काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं, १८९० सालचं ८ मिलिमीटर मानलिखर. हिंदुस्थानातल्या फौजेकडे हे काडतूसच नाही, त्यामुळे चोरून उपयोग शून्य. पुढे १९३०च्या सुमारास खुद्द ऑस्ट्रियाने ते सोडलं. आपण धरून बसलो. .३०३ आजही सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे.

म्हणजे हे बोअर दुर्मिळ आहे हा अपघात नाही, डिझाइन आहे. बंदूक तुझी, पण काडतूस आमच्याकडूनच. आमच्या पुंगळ्यांवर छाप 'केएफ', म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना, १८६९ सालचा. २०२१पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.

कायदाही त्याच वळणाचा. १९५९च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दात काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा. वेगळ्या लायसन्सशिवाय काडतूस बनवणं म्हणजे गुन्हा, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. तो हँडप्रेस घरी आला असता तर एकही बार न भरता आम्ही अडचणीत होतो. गंमत म्हणजे याच कायद्यात पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स मिळायची सोय आहे, आणि ठासणीची बंदूक दरवेळी हातानेच भरावी लागते! अर्थात, बंदूक कुठलीही असो, रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागतेच.

हे सगळं मी ओट्यावर बसून वाचून दाखवलं. धाकटा चिडला. "म्हंजे डुकरं खाऊन जाऊ द्यायचे काय?" त्याचा राग खोटा नाही. रात्री जागून पीक राखणारा तो आहे, मी नाही. काका एवढंच म्हणाले, "रायफल बंद पडली त पडू दे. हा आत गेला त कोन सोडवन याले?"

प्रेसचे पैसे झटका मशीनमध्ये गेले. कुंपणाला सौर करंट, डुकराला दणका बसतो, मरत नाही. हरभऱ्याचा बराचसा भाग वाचला.

राहिली रायफल. लायसन्सचं नूतनीकरण आता पाच वर्षांनी असतं, आमचं पुढच्या वर्षी आहे. काका म्हणतात जमा करू, धाकटा म्हणतो माझ्या नावावर करा. मी काकांच्या बाजूचा. अकरा काडतुसांत सराव होत नाही, आणि सराव नसलेल्या माणसाने अंधारात शेतात रायफल चालवावी हे मला पटत नाही. टेस्टिंगशिवाय आपण साधा पॅच प्रॉडक्शनला टाकत नाही.

तुमच्याही घरी आजोबांची अशी एखादी बंदूक असेल तर नेटवरचे व्हिडिओ नंतर बघा. आधी लायसन्स काढा, त्यावरची तारीख वाचा आणि ते कोणाच्या नावावर आहे ते तपासा.