तीस सेकंदांचा बोंबील

‘म्हणजे तू नक्की करतेस काय?’ हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो. आयटीवाल्यांचं बरंय, कुणाला काही कळलं नाही तरी सगळे आदराने मान डोलावतात. मी सांगते, ‘कुकिंग व्हिडिओंची को-ऑर्डिनेटर.’ पुढचा प्रश्न ठरलेला, ‘अय्या, म्हणजे स्वयंपाक करतेस?’ नाही हो! मी स्वयंपाक घडवून आणते. कॅमेरावाला, लाइटवाला, क्लायंट, सिलिंडर आणि मासळी या पाच जणांना एकाच वेळी एकाच ओट्यापाशी उभं करायचं, एवढाच आपला फंडा.

आमचं लाडकं लोकेशन म्हणजे कळंब. नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा, रिक्षा पकडा, निर्मळ मागे टाका, की समोर सुरूची झाडं आणि समुद्र. क्लायंट गाडीतून उतरतो तोच ‘वॉव’ म्हणत. दुपारी वारा सुटला की गॅसची ज्योत आडवी होते आणि माइकमध्ये नुसतं घूंऽऽ. मग सगळा संसार उचलून काकींच्या स्वयंपाकघरात. तिथे पंखा बंद, कारण वाफ उडून जाते. वाफ कॅमेऱ्यात दिसायला मागे काळोख आणि पाठीमागून लाइट लागतो. पदार्थाची वाफ मिळेपर्यंत युनिटची वाफ निघालेली असते!

आपल्याकडे हा धंदा वाढला तो २०२० नंतर. त्या वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स आले. त्याआधी २०१५ मध्ये बझफीडच्या ‘टेस्टी’ने एक ट्रेंड आणला होता. कॅमेरा डोक्यावर, खाली फक्त भांडं आणि दोन हात. हात कुणाचे? विचारायचं नाही. २०२५ मध्ये रीलची मर्यादा ३ मिनिटांपर्यंत गेली, पण क्लायंटला हवे असतात ३० सेकंद. त्यातले पहिले तीन त्याच्या मसाल्याच्या पाकिटासाठी.

तर त्या दिवशी बोंबील फ्राय होता. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. साफ करून, उघडून, मीठ लावून तो वजनाखाली दाबावा लागतो, पाणी निथळेपर्यंत. काकींनी दोन फडक्यांमध्ये बोंबील मांडले, वर पाटा ठेवला आणि निवांत पंखा घेऊन बसल्या. तासभर!

‘हे कट करू या ना,’ क्लायंटच्या प्रतिनिधीने घड्याळ बघत म्हटलं. ‘बोरिंग आहे. डायरेक्ट मसाला, रवा, तवा.’

काकी शांतपणे म्हणाल्या, ‘माझं तोंड दिसणार नाही, चालेल. पण हे काढलंत, तर लोक घरी करतील आणि तव्यावर त्याचा लगदा होईल. मग म्हणतील, त्या बाईला बोंबील येत नाही.’

आता सांगा, चूक काय होतं त्यात? तुमच्या-माझ्या ऑफिसातही हेच होतं की. रात्र जागून केलेलं काम प्रेझेंटेशनमध्ये एका स्लाइडचं होतं, वर नाव तिसऱ्याचंच. काकींकडे पन्नासेक वर्षांचा हात आहे. तो हात आम्ही फुकटात ‘फुटेज’ समजायचा?

माझं काम भांडायचं नाही, जुळवायचं. म्हटलं, सुरुवातच पाट्याने करू. एवढा जड दगड चिमुकल्या माशावर का ठेवलाय, हे बघायला बोट थांबणारच. दोन सेकंद पाटा, एक सेकंद निथळलेलं पाणी, मग पाकीट. प्रतिनिधीने फोनवर साहेबांना विचारलं आणि ‘चलेगा’ आलं. खरोखर दाबलेले बोंबील तव्यावर गेले, कडा कुरकुरीत झाल्या, एकही मोडला नाही. क्लायंटने शूटमधले चार खाल्ले, हे वेगळं सांगायला नको.

उरला प्रश्न नावाचा. मराठीत नाव-चेहऱ्याला मागणी नाही असं म्हणायची सोयच नाही. मधुरा बाचल २००९ पासून यूट्यूबवर आहेत. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचं ‘आपली आजी’ हे चॅनल त्यांच्या नातवाने उभं केलं आणि २०२० मध्ये लाखोंनी ते पाहिलं. लोक रेसिपी बघतात, पण विश्वास माणसावर ठेवतात. हे पटवायला मला तीन फोन आणि एक मेल लागला. शेवटी कॅप्शनमध्ये ओळ आली: पाककृती आणि हात, अमुक अमुक, कळंब. काकींनी नाव सांगताना मधलं नाव वगळलं नाही. ‘ह्यांचंपण टाक, बोंबील बाजारातून तेच आणायचे,’ म्हणाल्या.

माझ्या कॉलशीटवर आता दोन ओळी पक्क्या आहेत. एक, रेसिपी जिची, तिचं नाव आधी लेखी ठरवायचं. दोन, आमची बिलं साठ-साठ दिवस लटकली तरी स्वयंपाक करणारीचं पाकीट पॅकअपच्या आधी तिच्या हातात. त्या दिवशी काकींनी नोटा मोजल्या, पदराला गाठ मारली आणि विचारलं, ‘पुढच्या वेळी काय, निवट्या?’

निवट्या साफ करायलाच दोन तास लागतात, बॉस. क्लायंटला अजून सांगितलेलं नाही.