दर्याच्या गावाहून समुद्राकडे

पारनेर तालुक्यात दर्या आहे, समुद्र नाही. वडगाव दर्याच्या गुहेत छतातून झिरपणाऱ्या पाण्यातील चुन्याने लवणस्तंभ घडवले आहेत आणि तेथेच दर्याबाईचे ठाणे आहे. निघोजला कुकडीने काळ्या पाषाणात रांजणखळगे कोरले आहेत. पर्जन्यछायेतल्या आम्हा माणसांना पाणी म्हटले की थेंब आठवतो, खळगा आठवतो, टँकरची वाट आठवते. अशा मुलखातले आम्ही दोघे साठीच्या उंबरठ्यावर शिडाची नौका चालवायला शिकलो, तेही नौकेवरच राहून.

दोन वर्षांपूर्वी यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. प्रकृती सुधारली, पण घरात भीती मुक्कामाला आली. हे जिना चढू लागले की मी श्वास मोजत असे. मुलीने पाच दिवसांच्या प्रशिक्षणाची कल्पना काढली तेव्हा मी आधी नकारच दिला. हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र तपासण्या पाहून संमती दिली. औषधे दोन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवा, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्याने दोर हाताळताना हातमोजे घालाच, असे त्यांनी बजावले.

थायलंडमधील फुकेतजवळच्या फांग-न्गा उपसागरात नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा वाहतो आणि समुद्र बराच शांत असतो. हिरवट पाण्यातून चुनखडीचे उभे सुळके वर येतात. त्यांच्या कपारींतून लोंबणारे लवणस्तंभ पाहून हे उद्गारले, “अगं, ही तर आपली दर्याबाईची गुहा!” त्या क्षणी परदेश थोडा जवळ आला.

आमची नौका होती कॅटामरान. हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून जगभर गेला. त्याचा अर्थ बांधलेले लाकूड. मूळ कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांचा तराफा. आजची कॅटामरान निराळी: दोन अरुंद, लांब नौका मधल्या तक्तपोशीने जोडलेल्या. ती फारशी कलत नाही, म्हणून चहाचा पेलाही जागेवर राहतो. पण यातच धोका दडलेला आहे. एका पोटाची नौका वारा वाढला की कलून इशारा देते; ही देत नाही. म्हणून वाऱ्याचा वेग मापकावर पाहून, गरज भासण्यापूर्वीच शीड कमी करावे लागते. स्टेंटनंतर डॉक्टरांनी यांना सांगितलेले पथ्य याहून वेगळे नव्हते.

पहिल्या दिवशी मला मळमळले. आतला कान हालचाल सांगतो, पण खोलीत बसलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. या विसंवादातून समुद्र लागतो. मी उघड्यावर येऊन क्षितिजावर नजर ठेवली, थोडे थोडे पाणी प्यायले, आले चघळले आणि दुपारपर्यंत सावरले. गोड्या पाण्याची टाकी मर्यादित होती. इतर प्रशिक्षणार्थी कुरकुरले. आम्हाला तांब्याभर पाण्यात तोंड-हातपाय धुणे शिकावे लागले नाही. दुष्काळाचे शिक्षण असे परदेशात कामी आले.

तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी हवेचा एक फुगीर प्लावक पाण्यात फेकला आणि ओरडले, “माणूस पाण्यात!” सुकाणू माझ्या हाती होते. नियम असा: एकाने पडलेल्या माणसाकडे बोट रोखायचे आणि नजर क्षणभरही हलवायची नाही, कारण लाटांत डोके नारळाएवढे दिसते. ताशी अकरा किलोमीटर वेगाने चाललेली नौका मिनिटभरात सुमारे 185 मीटर दूर जाते. सुकाणूवाल्याने वळून वाऱ्याच्या दिशेने तोंड करत परत यायचे, म्हणजे नौका माणसाजवळ मंदावते.

पहिल्या खेपेस मी गोंधळले आणि प्लावकाच्या पुढे निघून गेले. यांनी सवयीप्रमाणे सुकाणूकडे हात नेला. प्रशिक्षकांनी त्यांना अडवले. “पाण्यात तुम्हीच असाल, तर?” त्यांनी विचारले.

कोणी काही बोलले नाही. घरात दोन वर्षे दबा धरून बसलेला प्रश्न कोणीतरी मोठ्याने विचारला होता. मी पुन्हा वळले. हे बोट रोखून उभे राहिले आणि अंतर सांगत गेले. प्रत्येक सूचना मी मोठ्याने परत उच्चारली. चौथ्या खेपेस प्लावक माझ्या हाताशी आला. त्या रात्री किती दिवसांनी मी यांचा श्वास न मोजता झोपले.

पारनेरला परतल्यावर आम्ही काही कामे केली. यांची रुग्णालयाची फाइल आणि औषधांची यादी दाराजवळच्या कपाटात ठेवली. 108 क्रमांक दोघांच्या फोनमध्ये नोंदवला. छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत मी प्रशिक्षण घेऊन शिकले. यांनी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे पाठ केली. आजवर ती त्यांना ठाऊक नव्हती. आपल्या घरात दुसऱ्याला काय काय येते, हे प्रत्येक जोडप्याने एकदा बसून पाहावे. भीती बोलून दाखवली की तिचे काम ठरवता येते.

परवा आम्ही वडगाव दर्याला गेलो. हे माझ्यापुढे सावकाश पायऱ्या उतरत होते. माझी नजर त्यांच्यावर होती, पण श्वास मोजणारी नव्हती. गुहेत थेंब पडत होते.