शेजाऱ्याचा जबाब

वैशाख पौर्णिमेला आम्ही सहकुटुंब कान्हेरीला जातो. पांढरी वस्त्रे, डब्यात पुरी-भाजी, आणि नॅशनल पार्कच्या गेटवर ही गर्दी! वाटेत पाड्यांवरच्या बायका पानांवर करवंदे, कैऱ्या मांडून बसलेल्या असतात. मागच्या खेपेला धाकटीने करवंदे घेता घेता विचारले, "पप्पा, पार्क सरकारचे आहे ना? मग ह्यांची घरे आत कशी?"

तिला काय रागावणार? तिच्याहून थोडा मोठा असताना मीही तेच म्हणत होतो, आणि जरा कडवटपणे म्हणत होतो.

७ मे १९९७ रोजी उच्च न्यायालयाने ह्या उद्यानातली अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत ज्यांची नावे, त्यांनी सात हजार रुपये भरायचे आणि दुसरीकडे जागा घ्यायची, बाकीच्यांनी निघायचे. हजारो झोपड्या गेल्या. मी तेव्हा बारावी कॉमर्सला होतो. माझी मावशी उद्यानाच्या कडेच्या वस्तीत राहायची. ती म्हणायची, "आपल्यालाच उठवतील. पाडेवाल्यांना कोण हात लावतंय?" आणि पाड्यांवरचे लोक म्हणत, हे बाहेरचे आले म्हणून आमच्यावर पाळी आली. कागदावर मात्र दोघेही अतिक्रमणवालेच. यादी एक, आणि आम्ही एकमेकांकडे पाठ करून उभे. मावशीचे बोलणे मला त्या वेळी पटत होते, हे कबूल केले पाहिजे.

पुढे वनहक्क कायदा आला. तो २००६ चा, अंमल २००८ पासून. मी कारकून माणूस, कागद लिहिण्याचा हात बरा, म्हणून मंडळातल्या एका मित्राने रविवारी पाड्यावर नेले. तिथे वारली, मल्हार कोळी, कोकणा अशी घरे. तोवर मला सगळे सारखेच वाटत. प्रत्येकाचे देव, लग्नाच्या रीती वेगळ्या, आपसांत कुरबुरीही होत्या. विहिरीवरून दोन घरांचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते.

पण त्या कायद्याच्या नियमांत एक गंमत आहे. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र चालते. जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा, बांध हेही पुरावे चालतात. आणि चालतो वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब, पण ज्याचा दावा त्याचा नव्हे, दुसऱ्याचा! म्हणजे वारल्याच्या जमिनीसाठी कोळ्याने तोंड उघडायचे आणि कोळ्याच्या विहिरीसाठी वारल्याने. ज्या घरांचे बोलणे नव्हते, ती त्या रविवारी एका सतरंजीवर बसली. आधी तासभर भांडली, मग जबाब झाले.

असाच एकोपा शेजारच्या आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये दिसला. मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे रातोरात पाडली गेली. पाड्यापाड्यांतली माणसे आणि शहरातली पोरे एकत्र उभी राहिली, एकोणतीस जणांना अटक झाली. बाळासाहेब आंबेडकर तिथे गेले, त्यांनाही पोलिसांनी ताब्यात घेतले. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. २०२० मध्ये आठशेवर एकर राखीव वन म्हणून जाहीर झाले. तरी २०२२ मध्ये कारशेड फिरून आरेतच आली. ऑक्टोबर २०२५ पासून ती मेट्रो कफ परेडपर्यंत धावते. मीही बसलो आहे तिच्यात. गाडी थंडगार आहे, खोटे कशाला बोलू?

त्या रविवारचा शेवटचा जबाब एका वारली आजोबांचा होता, शेजारच्या कोळी घरासाठी. मी लिहून वाचून दाखवला. अंगठा लावण्याआधी त्यांनी मलाच विचारले, "दादा, तुमचा गाव कुठला? जमीन हाय?"

मी सांगितले, मराठवाड्यातला. आजा दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला होता. नंतर त्याने गायरान कसले. १४ एप्रिल १९९० पूर्वीचा कब्जा कायम करायचा सरकारी निर्णय निघाला, तेव्हा आमच्याकडे एक-ईच्या नोंदीशिवाय काही नव्हते.

"मग तुमच्या बाजूनं कोण बोललं?"

"शेजारी. मातंग समाजातले एक म्हातारे."

"मंग झालं," म्हणत त्यांनी शाईच्या डबीकडे अंगठा नेला.

कान्हेरीहून परतताना धाकटीला हे सगळे सांगितले. पुढच्या वेळी त्या आजोबांकडे जायचे, असा तिने हट्ट धरला. आजोबा करोनाच्या आधीच गेले. कोळी घराच्या दाव्याचा निकाल अजून यायचा आहे.