माळावरची वही : श्रीगोंदा मुक्काम

सोमवार
दौंडहून एसटी दीड तास उशिरा. चहा-भजी ५०, रिक्षा ८०, लॉज ६००. नोव्हेंबर असूनही ऊन भाजतंय. पाय सुजलेत. झोपते.

मंगळवार
दिवसभर माळावर. मोज्यांत कुसळं घुसली. ती उपटत बसले होते, तेव्हा धनगर मावशींनी एका मेंढीची लोकर बोटांनी फाकवून कातडीत रुतलेलं कुसळ दाखवलं. भोवती पू धरला होता. "कुसळ धरायच्या आत चारलं तरच ह्यो माळ कामाचा. मग जनावराला जाच." पवन्या कुठला, मारवेल कुठला, मेंढी आधी कशाला तोंड लावते, हे चालता चालता सांगत गेल्या. आज रात्री मेंढरं लिंबाच्या बागेत बसवायची. बदल्यात ज्वारी आणि वर थोडे पैसे. दुपारी भाकरी-ठेचा खाऊ घातला. पैसे घेईनातच.

बुधवार
एसटी पुन्हा उशिरा. ऊन तेच. बागायतदार दादांना लेंडीखताचं भारी कौतुक: "एक रात मेंढरं बसली की रान सुधारतं बघा." माळाचं मात्र त्यांना काही वाटत नाही. कुकडी कालव्याचं पाणी वर चढलं तर तिथे ऊस करायचा. मग मेंढरं चरणार कुठे? "तवा ट्रॅक्टरनं शेणखत आणू की, ताई." मला हे पटलेलं नाही. बागेत पडलेली लेंडी माळावरच्या गवताचीच असते.

गुरुवार
अंग ठणकतंय. एसटी उशिरा.

शुक्रवार
रेहेकुरीला काळवीट पाहिले, कळपच्या कळप. अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. माळढोकासाठी १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटर राखले होते, त्यात श्रीगोंदा-कर्जतही. जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले आणि पुढे क्षेत्र १,२२२ वर आलं. तो राग मी खोटा म्हणणार नाही. पण माळ पक्ष्यांचा की शेतकऱ्यांचा, या भांडणात मेंढरांचं नाव निघत नाही. येताना एसटीत शेजारी बसलेल्या तरुणाला माळावर कारखाना हवा होता. कागदावर माळ म्हणजे पोटखराबा, लागवडीला अयोग्य जमीन. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ माळांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. निदान या वर्षी तरी गायरानाचा विषय ग्रामसभेत निघेल तेव्हा मेंढरांचा वाडा घेऊन येणाऱ्या मावशींना बोलवावं, इथल्या मतदारयादीत नाव नसलं तरी. गवत कधी संपतं, हे त्याच सांगू शकतील.

उद्या पेडगाव. वाडा भीमेकडे सरकतोय.