जमिनीला घाम येतो

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी जुलैत आई मोरीतून बाहेर येताना घसरली आणि मनगट मोडून बसली. पाणी सांडलं नव्हतं की कुणी नुकतं पुसलं नव्हतं. लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावरच्या कोब्याला पावसाळ्यात घाम येतो, एवढंच. लहानपणापासून आम्ही त्यावर गोणपाट टाकून दिवस काढलेत. पण आईचा प्लॅस्टरमधला हात बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, हा बग आता फिक्स करायचाच.

मग काय, रात्री जागून व्हिडिओ पाहिले. बहुतेक अमेरिकेतले, बेसमेंटच्या काँक्रीटवर विनाइलच्या फळ्या कशा बसवायच्या त्याचे. आमची खोली तरी काय, बेसमेंटच की, फक्त दार गल्लीत उघडतं! विनाइल पायाला गार लागत नाही, खरबरीत पोताचं घेतलं तर ओल्या पायाखाली कमी घसरतं, आणि दुकानदाराच्या भाषेत 'हंड्रेड पर्सेंट वॉटरप्रूफ'.

व्हिडिओत एक सोपी टेस्ट होती. दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा चौकोन जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. थेंब प्लॅस्टिकच्या वर दिसले तर ते हवेतले, खाली दिसले तर जमिनीतले. मी मे महिन्यात तीन ठिकाणी चौकोन लावले. वर कोरडं, खाली कोरडं. मी खूश.

बाबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "आषाढात लाव आणि मग बघ."

बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. तिथे सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवायचे. त्यामुळे हवेतल्या पाण्याबद्दल त्यांना जे कळतं ते मला आयुष्यात कळणार नाही. पण घरात इंजिनियर मी! (मे महिन्यात टेस्ट करून जुलैत रिलीज करणारा.) कारागीर बोलावला आणि पातळ फळ्या गोंदाने चिकटवून घेतल्या. खोली अशी दिसायला लागली की शेजारच्या काकू चपला बाहेर काढून बघायला आल्या.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मागच्या भिंतीजवळची फळी उचलली गेली. मग दुसरी. खालचा गोंद दह्यासारखा मऊ झालेला, आणि बंद ट्रंकेसारखा वास. आई काही बोलली नाही, फक्त त्या कोपऱ्याला वळसा घालून जायला लागली. तिने पूर्वीसारखं गोणपाट आणून टाकलं तेव्हा मला फार लाज वाटली.

आषाढात चौकोन पुन्हा लावले. दाराजवळच्या चौकोनावर थेंब वर, मागच्या भिंतीपाशी खाली. म्हणजे दोन वेगवेगळे घाम! पुढे पावसाळी हवा गार जमिनीवर येऊन निवते, मागे जमीन स्वतःच पाणी वर ओढते. नव्या बांधकामात काँक्रीटखाली प्लॅस्टिक अंथरता येतं. आमच्या जुन्या कोब्याखाली भराव आणि त्याखाली ओली माती. वर येताना ते पाणी सिमेंटमधले क्षार घेऊन येतं आणि गोंदाची वाट लावतं. विनाइल वॉटरप्रूफ होतंच हो, पण वरून. हिंदमाताच्या पाण्यासाठी महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानात आणि सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली टाक्या बांधल्यात. रस्त्यावरचं पाणी त्यांत जाईल, पण मातीत मुरलेल्याचं काय?

असो. दिवाळीनंतर गोंद खरवडून काढला (चार शनिवार-रविवार, आणि माझी कंबर). खड्डे भरले, कोबा सुकू दिला. मग २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, जोडांवर आठ इंच एकावर एक, कडा भिंतीवर चढवलेल्या. त्यावर पाच मिलिमीटरच्या, एकमेकींत खटकन अडकणाऱ्या फळ्या, गोंदाशिवाय. भिंतीपासून आठ मिलिमीटर जागा सोडली, कारण उन्हाळ्यात विनाइल पसरतं. फळ्या आधी दोन दिवस खोलीतच पडून होत्या, म्हणून आम्ही दोन दिवस शेजारी जेवलो.

खालून ओल येणं याने थांबलेलं नाही. ती प्लॅस्टिकखाली असेलच. पण मला आता हे हवं होतं की बिघडलं तर उकलता यावं. गल्लीतलं पाणी उंबरा ओलांडून आत आलं तर फळ्या सोडवायच्या, पुसून सुकवायच्या, पुन्हा लावायच्या. आमच्या भाषेत रोलबॅक. बाबांना ते ऐकवलं तर म्हणाले, "मग नंबर टाक ना खालून." आणि खडू माझ्याकडून घेऊन स्वतःच टाकायला बसले, प्रत्येक फळीच्या पोटावर रांग आणि क्रमांक. गुडघे दुखत होते तरी उठले नाहीत.

आई आता त्या कोपऱ्यातून सरळ जाते. पण दर वेळी पायाने आधी चाचपून.

मागच्या भिंतीलगतची शेवटची रांग आम्ही नुसती पट्टीखाली दाबून ठेवलीय, सहज उचलता येईल अशी. काल पहिला पाऊस झाला. मी लगेच उचलायला निघालो होतो, तर बाबांनी हात धरला. आषाढाला अजून वेळ आहे म्हणाले.