नातवाचं अवकाशयान आणि माझी हिशोबाची वही



गेल्या महिन्यात काही लिहिलं नाही म्हणून दोघी-तिघींचे फोन आले. तब्येत छान आहे. नातू सुट्टीला आला होता, एवढंच कारण. एकोणीस वर्षांचा मुलगा घरात असला की दिवसभर पोळपाट खाली ठेवायला मिळत नाही, त्यात तो कांदा-बटाट्याशिवायचं जेवण "वेगवेगळं" मागतो. असो.

एके दिवशी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, ओटा पुसून मी बसले होते. तो लॅपटॉप घेऊन शेजारी आला. म्हणाला, "आज्जी, तू बी.कॉम. आहेस ना? मग आमची खजिनदार हो."

पुण्यात तो आणि त्याचे सतरा-अठरा मित्रमैत्रिणी मिळून एक फिल्म करणार आहेत. 'स्टार ट्रेक' नावाची अमेरिकन मालिका आहे, १९६६ साली सुरू झालेली, अवकाशयानातून फिरणाऱ्या माणसांची. तिच्या चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने, पगार न घेता केलेली फिल्म म्हणजे फॅन फिल्म. वर्गणी जमवायची, ती कुणाकडे तरी ठेवायची, तर आज्जीकडे. मी म्हटलं, आधी दाखव तरी, असलं काही कुणी धड केलंय का.

मग त्याने मला एक फिनलंडची फिल्म लावून दिली. 'स्टार रेक : इन द पिर्किनिंग'. १०३ मिनिटांची आहे. स्वाध्यायाची वेळ टळली, पण मी शेवटपर्यंत पाहिली. फिनिश भाषा, खाली इंग्रजी अक्षरं. अर्धे विनोद माझ्या डोक्यावरून गेले, कारण ते 'स्टार ट्रेक' आणि 'बॅबिलॉन ५' या दोन मालिकांची थट्टा आहेत आणि मी दोन्ही पाहिलेल्या नाहीत. पण गोष्ट कळली. पिर्क नावाचा एक बढाईखोर कप्तान आपल्या काळातल्या पृथ्वीवर अडकून पडलाय. तो यान बांधतो, पृथ्वी जिंकतो, तरी समाधान नाही म्हणून दुसऱ्या विश्वात शिरतो, तिथे मोठी लढाई होते आणि शेवटी हिमयुगातल्या बर्फात येऊन पडतो. परिग्रहाची हाव काय करते ते पाठशाळेतल्या मुलांना दाखवायला बरी गोष्ट आहे, भाषा मात्र मुलांसमोर ऐकवण्यासारखी नाही!

मला खरं नवल वाटलं ते ही फिल्म कशी केली ते ऐकून. टाम्पेरे नावाचं गाव आहे, तिथल्या सामुली टॉर्सोनेन या तरुणाने १९९२ साली संगणकावर एक छोटीशी फिल्म केली होती, याने एकमेकांवर गोळ्या झाडतात एवढीच. तिथून वाढत वाढत ही मोठी फिल्म आली. दिग्दर्शक टिमो वुओरेन्सोला. सात वर्षं लागली. बरंचसं चित्रीकरण टॉर्सोनेनच्या दोन खोल्यांच्या घरात झालं. मागे निळा पडदा लावायचा, पुढे नट उभे करायचे आणि नंतर संगणकात तो निळा रंग काढून तिथे यानाचा अंतर्भाग बसवायचा. म्हणजे पडद्यावर जो भव्य कक्ष दिसतो, तो प्रत्यक्षात बैठकीची खोली. माझ्यातली कॉमर्सवाली जागी झाली. सेकंदाला २५ चित्रं धरली तर १०३ मिनिटांची दीड लाखाच्या वर चित्रं होतात. त्यातलं यानांचं प्रत्येक चित्र घरच्या संगणकाने एकेक करून रंगवायचं. सात वर्षं का लागली ते मग विचारावं लागलं नाही.

तीनशेहून जास्त माणसांनी त्यात हातभार लावला, आणि ऑगस्ट २००५ मध्ये फिल्म पूर्ण झाल्यावर त्यांनी ती इंटरनेटवर फुकट ठेवली. घ्या, पाहा, दुसऱ्याला द्या. मात्र विकू नका, बदलू नका आणि आमचं नाव काढू नका, असं लेखी सांगून. हे मला फार आवडलं. देणाऱ्याने काय दिलं आणि काय दिलं नाही, हे आधीच स्पष्ट. पुढे त्यांनी डीव्हीडी विकल्या, आणि याच मंडळींनी २०१२ मध्ये 'आयर्न स्काय' नावाची खरीखुरी व्यावसायिक फिल्म काढली.

शेवटी नावांची यादी येते. नातू बंद करायला लागला तर मी त्याचा हात धरला. "थांब, मला नावं बघू दे." एक अक्षर कळत नव्हतं, तरी पाहिली.

त्याचं कारण सांगते. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सांगलीला आमच्या महिला मंडळाने महावीर जयंतीला त्रिशलामातेच्या सोळा स्वप्नांचं नाटक बसवलं होतं. मी तेव्हाही खजिनदार. सोळा स्वप्नं म्हणजे काय खटाटोप असतो तुम्हाला माहीत आहे. ऐरावत, बैल, सिंह कसेही होतात. मत्स्ययुगुल, कलश, सिंहासन हेही जमतं. अडलं ते देवविमानाशी. विमान स्टेजवर वरून खाली आलं पाहिजे असा सगळ्यांचा हट्ट. आमच्यात एक अक्का होत्या, घरी शिवणकाम करायच्या, पदरात तीन मुलं. त्यांनी वेताच्या टोपल्या एकात एक बांधल्या, वर खळ लावून बेगड चिकटवली, जुन्या शालूच्या काठाची झालर शिवली. दोरीवर ते विमान खाली आलं तेव्हा मांडवात बायका उभ्या राहिल्या होत्या. त्या फिनलंडच्या पोरांचं यान पाहताना मला सारखं तेच दिसत होतं. आमच्याकडे निळा पडदा नव्हता एवढाच फरक.

विमानच नाही, सगळे पोशाख अक्कांनी शिवले. रात्री मुलं झोपल्यावर, महिना-सव्वा महिना. एक पैसा मागितला नाही. नाटक झाल्यावर आठ दिवसांनी त्या माझ्याकडे एक कागद घेऊन आल्या. दोरे, अस्तर, हुक असे मिळून १८० रुपये त्यांच्या खिशातून गेले होते. मी विचारलं, पावती? बोळातल्या दुकानातून थोडं थोडं आणलेलं, पावती कुठली असणार? मी म्हटलं, "अक्का, पावतीशिवाय मला खर्च टाकता येत नाही." अगदी असंच म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि तो कागद घडी करून घेऊन गेल्या.

त्या वर्षी आमचा ताळेबंद पैशाला पैसा जुळला. शिल्लक राहिलेल्या पैशांतून मोठ्या देणगीदारांना शाल-श्रीफळ दिलं. माझ्या हिशोबाचं सभेत कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. अक्कांचं नाव कुणी घेतलं नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं तर म्हणाल्या, डोळ्यांना दिसत नाही आता रात्रीचं.

अचौर्याबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो: न दिलेलं घ्यायचं नाही. मी समजत होते की मंडळाचा एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, म्हणजे मी त्यात नाही. पण अक्कांनी श्रम दिले होते, दोरे दिले नव्हते.

तर नातवाला मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, आधी दुसरी बाजू सांग, असल्या फिल्ममध्ये भांडणं कशावरून होतात? तो जरा चाचरला, मग सांगितलं.

२०१४ मध्ये अमेरिकेत 'प्रिल्यूड टू ॲक्सनार' नावाची एक वीस-बावीस मिनिटांची 'स्टार ट्रेक' फॅन फिल्म आली. त्यात नट व्यावसायिक होते, काम इतकं सफाईदार की लोक चकित झाले. मग पूर्ण लांबीच्या फिल्मसाठी त्यांनी लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी गोळा केली. आधीची धरून दहा लाख डॉलरच्या वर गेली ती. आपल्या पैशांत तेव्हाचे सहा कोटींहून जास्त! त्यातून स्टुडिओसाठी जागाही भाड्याने घेतली. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस पॅरामाउंट आणि सीबीएस या मालक कंपन्यांनी दावा ठोकला. कशाकशावर हक्क सांगितला त्याची यादीच होती म्हणे, व्हल्कन लोकांच्या टोकदार कानांपासून क्लिंगॉन भाषेपर्यंत. कानांवर मालकी! मला हसू आलं. पण जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की ही फिल्म थट्टा नाही, मूळ जगाशी जास्तीत जास्त इमान राखणारी आहे, आणि 'योग्य वापर' ही सबब इथे चालणार नाही. त्याच महिन्यात तडजोड झाली. पूर्ण फिल्म नाही, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग करा.

दरम्यान २०१६ च्या जूनमध्ये कंपन्यांनी सगळ्याच चाहत्यांसाठी नियम काढले होते. एक गोष्ट पंधरा मिनिटांची, दोन भाग केले तरी अर्ध्या तासावर नाही, वर्गणी ५० हजार डॉलरच्या आत, काम करणाऱ्यांनी मोबदला घ्यायचा नाही. वर्षानुवर्षं तासाभराचे भाग करणाऱ्या गटांनाही ते लागू. 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' म्हणून एक गट होता, त्याने ठरवलेल्यापेक्षा कमी भागांत, अकरावर आवरतं घेतलं.

याच्या उलटही घडलंय. न्यूयॉर्क राज्यातल्या टिकॉन्डेरोगा गावात एका चाहत्याने फॅन फिल्मसाठी त्या जुन्या यानाचा सगळा सेट हुबेहूब उभा केला होता. २०१६ मध्ये कंपनीचा रीतसर परवाना घेऊन तो लोकांना पाहायला खुला केला. तेच लाकूड, तीच बटणं, फक्त मागून घेतलेलं.

"मग आज्जी, कंपनी बरोबर आणि चाहते चूक?" नातवाने विचारलं. मला तसं वाटत नाही. पन्नास वर्षं ज्यांनी ती मालिका जिवंत ठेवली त्यांना टोकदार कानही लावू देणार नाही म्हणणं मला कंजूषपणाचं वाटतं. पण ज्या माणसाने पंचवीस डॉलर पूर्ण फिल्मसाठी दिले, त्याला पूर्ण फिल्म मिळाली नाही, हेही आहेच. त्याचे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे? मी त्याला म्हटलं, तुम्ही फिनलंडवाल्यांसारखं करा, नावं बदला, आपली गोष्ट आपली करा. तो चिडला. "नावं बदलली तर फॅन फिल्म कसली? त्यांची थट्टा होती, आमचं प्रेम आहे." यावर आमचं दोन दिवस वाजलं. तो म्हणतो प्रेम असलं की नाव तेच पाहिजे. मी म्हणते प्रेम असलं तरी विचारून घ्यावं. अजून मिटलेलं नाही. तूर्तास नियमांत बसणारी बारा मिनिटांची फिल्म ठरली आहे. गोष्ट म्हणे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उतरलेल्या यानाची आहे.

खजिनदार झाले मी. वर्गणी ९,३०० रुपये जमली आहे. मी त्याला दोन वह्या करायला लावल्या. एक रोजमेळ, नेहमीसारखा. दुसरीत कुणी किती तास काम केलं आणि घरून काय आणलं ते लिहायचं, दर रविवारी, फिल्म संपल्यावर आठवून नाही. मुलांनी कुरकुर केली. पण एक मुलगी तीन रात्री जागून गणवेश शिवते आहे, ती काही बोलली नाही, तिने फक्त वही मागून घेतली आणि आपले तास लिहिले. दुसऱ्या वहीत पहिल्या पानावर माझंही नाव आहे, 'निळ्या चादरी २, जुन्या'. मागे पडदा म्हणून लावल्यात.

पुण्याला परत गेल्यावर परवा त्याने पहिला खर्च फोनवरून कळवला. भंगारवाल्याकडून दोन मोडके कीबोर्ड आणि एक पंखा घेतला, यानाच्या भिंतीला लावायला. १८० नव्हे, १५० रुपये. आधीच घाबरत म्हणाला, "आज्जी, भंगारवाला पावती देत नाही गं."

मी तारीख विचारली, कुणी आणलं ते विचारलं, आणि लिहून घेतलं.