मिरुग लागू दे!

दर मे महिन्यात माझा फोन ठरलेला, "आई, पुण्याला ये ना!" आणि खामगावहून उत्तरही ठरलेलं, "मी पुन्याले आली तं याईले पानी कोन देईन?"

'याईले' म्हणजे गच्चीवरच्या २२ कुंड्यांना. बाबा गेल्यापासून त्या वाढतच चालल्यात.

यंदा मीच गेले. पारा ४४ वर, नळ काही दिवसांआड. मी शहाणपणा केला, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी टोमॅटोला ओतलं. पाण्याची बचत, यू नो! आई ओरडलीच. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार तेवढे साचतात आणि तेच मुळांना बाधतात. तिचा हिशेब वेगळा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, तेही उन्हं चढायच्या आत. बुडाशी पालापाचोळा, वर हिरवी जाळी. गवार मजेत होती. मोगरा तर संध्याकाळी गच्चीचं दार उघडलं की बस्स! टोमॅटोची फुलं मात्र गळून पडलेली. एवढ्या उन्हात फळ धरतच नाही.

"मग पाणी कशाला घालतेस?"

"मिरुग लागू दे. झाड जितं राह्यलं तं फुलं पुन्हा येतीन."

मी गप्प झाले. इतकी वर्षं मला वाटायचं, कुंड्यांनी आईला अडकवून ठेवलंय. खरं तर त्यांनी तिला धरून ठेवलं होतं.

निघताना 'पुण्याला ये' म्हटलंच नाही. एवढंच विचारलं, "जूनमध्ये येऊ? भेंडी लावायला?"

आई खूप दिवसांनी मनापासून हसली.